दिव्यांच्या जागा

आमच्या घरात दिव्यांवरून जेवढी बोलाचाली झाली तेवढी जमिनीवरूनही कधी झाली नाही. आणि जमीन काही थोडी नव्हती. सणसरात कालव्याखालची, उसाची जमीन. त्या काळी असल्या जमिनीपायी भाऊ भावाचं तोंड पाहत नसे. आमच्याकडे मात्र जमिनीचं सगळं सुरळीत होतं आणि कंदील कुठे टांगायचा यावरून आठ-आठ दिवस अबोला.

जुनं घर कालव्याच्या पाझरानं खाल्लं होतं. भिंतींना मीठ फुटायचं, अंथरूण कधी कोरडं म्हणून लागायचं नाही. म्हणून आमच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, वरच्या अंगाला नवं घर बांधलं. ओल पुन्हा चढू नये म्हणून जोतं उंच घेतलं, त्यामुळे दारात पायऱ्या आल्या. सोप्यापेक्षा माजघर उंच केलं, त्यामुळे मधल्या दाराला उंबरा आणि उंबऱ्याखाली आणखी एक पायरी आली. अक्षय्यतृतीयेला आम्ही राहायला गेलो. कळंबच्या बाजूला साखर कारखाना नवा नवा सुरू झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट.

घरात माणसं मोजकी. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. आबा, थोरले दीर हिंदुराव, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ बनाबाई, माझा नवरा जयवंता, ज्याला दिवा कुठेही असला तरी झोपच येत असे, आणि मी म्हाळसा. मी बारामतीची. बोलायला मला कुणाची परवानगी लागत नसे. बनाबाई माझ्या अगदी उलट. तिच्याकडून एक वाक्य काढायचं तर आधी माझी दहा खर्ची पडायची. तिला मी आक्का म्हणत असे.

थोरले दीर एकदा कारखान्याकडे उसाचं बोलायला गेले आणि तिथल्या बंगल्यांतले विजेचे दिवे बघून आले. आल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. बटन दाबलं की खोली कशी लख्ख होते, हे त्यांनी आम्हालाच काय, गड्यांना आणि ताक न्यायला आलेल्या बायकांनाही सांगितलं. वीज काही सणसरात येणार नव्हती. मग त्यांनी बारामतीहून एक गॅसबत्ती आणली. गाडीत ती मांडीवर घेऊन बसले आणि काचेला धक्का लागू नये म्हणून डोक्याचा पटका सोडून तिला गुंडाळला. आता ही एक, आणि ऊस गेला की प्रत्येक खोलीला एकेक, असा त्यांचा बेत. सोप्यात, माजघरात, चुलीपाशी, गोठ्यातसुद्धा. गोठ्यातल्या म्हशींना काय वाचायचं होतं, देव जाणे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की दिवे लावतात बायका, तेव्हा कुठल्या खोलीत कुठला दिवा हे थोरली ठरवील. आबांचा शब्द खाली पडत नसे. झालं, दिवे आक्काकडे आले.

तिनं देवघरात समई ठेवली. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. चुलीपाशी तिनं डाव्या हाताच्या कोनाड्यात चिमणी ठेवली, म्हणजे भाकरी थापताना उजव्या हाताची सावली परातीवर पडत नाही. हे मला मनापासून पटलं. माझ्या माहेरी चिमणी उजवीकडे होती आणि माझ्या आईच्या भाकरीला एक बाजू नेहमी काळी. गोठ्यात तिनं चांगल्या काचेचा कंदील दिला, शिंगांच्या आणि कडब्याच्या आवाक्याबाहेर, उंच. इथवर सगळे तिचं कौतुक करत होते.

पुढचं मात्र कुणाच्या डोक्यात शिरेना. दारातल्या पायऱ्यांचा कंदील तिनं गुडघ्याइतक्या उंचीवर टांगला. त्याच संध्याकाळी थोरल्या दिरांची लाथ त्याला बसली. मधल्या दारापाशी, अगदी जमिनीलगत, झालेला गिलावा फोडून तिनं गवंड्याकडून एक बुटका कोनाडा खोदून घेतला होता. त्यात एक चिमणी. उंबऱ्यावर सकाळी रांगोळी असतेच, आक्का ती संध्याकाळीही घालू लागली, आणि ती कशी, तर बोटभर जाड, पांढरीफेक, काठाकाठानं. आणि सोप्यात, जिथे गाव येऊन बसायचं, जिथे बत्तीसाठी थोरल्या दिरांनी तुळईला आकडा बसवून ठेवला होता, तिथे तिनं मधल्या दाराच्या भिंतीला, आबांच्या लोडाच्या मागे, दोन कंदील लावले. आबा अंधारात आणि येणाऱ्याच्या तोंडावर उजेड. लोक डोळे बारीक करून बसायचे. गॅसबत्ती तिनं फडक्यात बांधून आढ्याला टांगली आणि सांगितलं की सणावारी काढू.

शेजारची चंद्राबाई पाणवठ्यावर म्हणाली की थोरली रॉकेल वाचवतीय, घर मोठं झालं पण मन काही मोठं झालं नाही. संध्याकाळच्या रांगोळीवरून तर बायकांना बरेच दिवस बोलायला विषय पुरला. आक्का ऐकायची आणि हंडा डोक्यावर घ्यायची.

मला राग आला होता, तो वेगळ्या कारणानं. बारामतीत आमच्या गल्लीत कुणाच्या लग्नात गॅसबत्ती लागली तर आम्ही पोरी तिच्याखाली हात धरून बघत असू, हाताच्या रेषासुद्धा दिसायच्या. आता ती बत्ती माझ्या स्वतःच्या घरात होती आणि तिचं गाठोडं आढ्याला लटकत होतं. दुपारी आम्ही दोघी कंदिलांच्या काचा राखेनं पुसत बसायचो. एकदा मी हातातली काच खाली ठेवली आणि म्हटलं, आक्का, लोक तुला काय काय बोलतात आणि तू ऐकून घेतेस, ते तुझं तू बघ. पण मला तरी सांग, हे असले दिवे कुणाच्या सोयीचे?

तिनं आधी मागे वळून पाहिलं. आबा शेतावर होते.

"मामंजींस्नी दिसत न्हाय," ती म्हणाली. "दोनी डोळ्यांत मोती उतरलाय. दिवा म्होरं आला की समदं पांढरं हुतं. पाठीमागनं आला, न्हायतर खालनं आला, तर भागतं."

हे तिला कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणे कुणीच नाही. जुन्या घरात आबा पायांच्या सवयीनं चालायचे, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नव्या घरात पहिल्या संध्याकाळी तिनं पाहिलं, पाण्याचा अंदाज घ्यावा तसा ते पायरीवर पाऊल टाकून बघत होते. दुसऱ्या संध्याकाळी सोप्यातल्या खांबाला "बस की" म्हणाले आणि मग आपल्याच वाक्याला खोकले. आणि जो माणूस जन्मभर येणाऱ्याला लांबूनच नावानं हाक मारायचा, तो आता येणारा आधी काय बोलतो याची वाट पाहत गप्प बसायचा. आवाज ओळखायचा आणि मग नाव घ्यायचा.

मी म्हटलं, मग थोरल्या भावजींना सांग, पुण्याला मोठे डॉक्टर आहेत. त्यावर आक्कानं मला जे सांगितलं ते मी विसरले नाही. आबांच्या थोरल्या भावाचे डोळे एका फिरत्या वैदूनं उघडून दिले होते, आणि असलेला उजेडही गेला. तेव्हापासून आबा डोळ्यांना कुणाचा हात लावू देत नव्हते. पण खरी भीती ती नव्हती. आबांच्या वडिलांचेही डोळे असेच गेले होते. लेकांनी त्यांना सोप्याच्या कोपऱ्यात खाट घालून दिली. मऊ अंथरूण, गरम भाकरी, वेळेवर पाणी, कशाची कमी पडू दिली नाही. फक्त त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. कुठल्या शेतात काय पेरलं, कुणाची सोयरीक जमली, सगळं त्यांच्या समोर ठरायचं आणि त्यांना विचारायचं कुणाच्या मनात यायचं नाही. आबा हे आक्काजवळ एकदा तापात बोलले होते. म्हणाले होते, मी पण त्यातलाच, मी पण विचारलं नाही.

"पर भावजी तसं करतील व्हय?" मी म्हटलं. "आबांवर किती जीव हाय त्येंचा."

"जीव हाय म्हणून तर करतील. पाय मोडंल म्हणून उंबऱ्याभायेर जाऊ द्यायचं न्हाईत. आन ह्येंच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. आज सांगितलं की उद्या समद्या चारीला ठावं."

चारी म्हणजे कालव्यातून आमच्या रानांकडे येणारा पाण्याचा पाट. त्या पाण्याच्या पाळ्या आबा ठरवायचे. सरकारनं नेमलेलं नव्हतं, लोकांनीच ते त्यांच्यावर सोपवलं होतं. रोज दिवेलागणीला शेतकरी आमच्या सोप्यात जमायचे, कुणाचा ऊस वाळतोय, कुणाला घाई आहे, कोण खोटं रडतोय, ते आबा बघायचे आणि उद्याचं पाणी कुणाचं ते सांगायचे. तिथून उठलेला माणूस कधी दुसऱ्या दारी गेला नाही. आबांचं जगणं ते होतं. बाकी दिवस ते संध्याकाळ होण्याची वाट बघत काढायचे. आंधळ्याला पाण्याचं कोण विचारणार होतं?

"त्येंनी आपल्या तोंडानं सांगितलं की फुडचं बघू," आक्का म्हणाली. "तवर त्येंचा पाय अडखळू द्यायचा न्हाय."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले, आणि खरं सांगते, इतकी वर्षं झाली, तसं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. दिवेलागणीच्या आधी, पुरुषमाणसं रानात असताना, ती पदराची दुहेरी घडी डोळ्यांवर ओढून घ्यायची आणि न्हाणीपासून माजघरातून मधल्या दारानं सोप्यापर्यंत चालत यायची. आबांच्या डोळ्यांना काय दिसत असेल ते तिला बघायचं असायचं. अडखळली की तिथेच थांबून दिवा हलवायची, वात कमी करायची, पुन्हा पदर ओढून मागे जायची. एकदा त्या नादात तिच्या गुडघ्याला माठ लागून फुटला. थोरल्या दिरांनी विचारलं तर म्हणाली, मांजर.

आणि त्याचा उपयोग होत होता, हे मी डोळ्यांनी बघत होते. आबा पायऱ्यांवरून कुणाचा हात न धरता उतरू लागले. मधल्या दारात पांढरी रांगोळी दिसली की पाय बरोबर उचलायचे, खालची चिमणी त्यांना पायरी दाखवायची. लोडाला टेकून बसले की मागच्या दोन कंदिलांचा उजेड समोरच्या माणसाच्या तोंडावर, आणि आबा पुन्हा पहिल्यासारखे आधी बोलू लागले. "ये गेणू, आज सांगवीचा बाजार का?" गेणू दारातच असायचा. आपण आबांना लांबून दिसलो याचा त्याला आनंद व्हायचा आणि आबांना त्याहून जास्त. नव्या घराची हवा मानवली, असं ते ज्याला त्याला सांगू लागले. ओलीनं अंग धरलं होतं, आता मोकळं झालं, म्हणायचे. आक्का तेव्हा माजघरात असायची. तिच्या तोंडावरचं समाधान बघून मला तिचा अभिमान वाटायचा, आणि तो बोलून दाखवता येत नाही म्हणून तिचाच राग यायचा.

थोरल्या दिरांची मात्र पंचाईत झाली होती. त्यांनी गावभर बत्तीची बढाई मारली होती आणि आता लोक त्यांना विचारायचे, काय हिंदुराव, बत्ती अंडी घालतीय काय आढ्याला? ते हसण्यावारी न्यायचे, पण घरात आले की भांडी आपटायचे. बायकोचं ऐकणारा म्हणून नाव पडू लागलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त आपलं घर लख्ख दिसायला हवं होतं.

आषाढ संपत आला आणि दिव्यांची आवस आली. त्या दिवशी घरातला एकूण एक दिवा जागेवरून काढायचा, राख-चिंचेनं घासायचा आणि पाटावर ओळीनं मांडून पुजायचा. कणकेचे गोड दिवे उकडायचे, त्यांचा नैवेद्य दाखवायचा. वर्षभर जो आपल्याला उजेड देतो त्याची एक दिवस आपण सेवा करायची. नव्या घरातली ही पहिलीच आवस. सकाळी दिवे काढताना माझ्या मनात आलं ते मी आक्काला म्हटलं, की उंबऱ्यापाशची चिमणी तेवढी राहू दे. ती नाही म्हणाली. एक दिवा पूजेवाचून ठेवणं तिला जमणार नव्हतं, आणि तोही तो दिवा, ज्याच्यावर तिचा सगळा भार. तिनं बेत केला की आबांना दिवस मावळायच्या आधीच सोप्यात लोडाशी बसवायचं, पूजाही सोप्यातच मांडायची, आणि पुरता अंधार पडायच्या आत दिवे आपापल्या जागी. बेत चांगला होता. पण त्याच दिवशी आक्काचे वडील येणार होते.

दत्तोबा सांगवीचे. तिकडे त्यांचा भाजीचा मळा. वास्तुशांतीला तापामुळे आले नव्हते, म्हणून आता घर बघायला येतो असा निरोप होता. थोरल्या दिरांनी सकाळीच बत्ती आढ्यावरून उतरवली. सणावारी काढू असं आक्काच म्हणाली होती, आणि आज सण होता, वर सासरा येणार होता. ती काय बोलणार? नंतर बघू, एवढंच म्हणाली आणि दिवे घासायला बसली.

वाटेत गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाल्यामुळे दत्तोबांना उशीर झाला. दिवस मावळला, आभाळ भरून आलं होतं म्हणून अंधार लवकर पडला. सोप्यात पाटावर दिवे मांडून झाले, आक्कानं ते लावले. पाळीचे लोकही येऊन बसले होते, गेणू, रावजी आणि आणखी दोघे-तिघे. तेवढ्यात दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आबा ठरल्याप्रमाणे लोडाशीच बसलेले होते, पण बोडक्यानं. उकाड्यामुळे पटका आत ठेवलेला. व्याह्याला बोडक्यानं कसं भेटायचं? आम्ही दोघी हळदीकुंकवाची वाटी शोधत होतो तेवढ्यात ते उठून भिंतीच्या आधारानं माजघरात गेले. आम्ही पाहिलं तेव्हा ते आत पटका बांधत होते, आणि इकडे थोरले दीर बत्तीत हवा भरत होते.

बत्ती सूं करून पेटली. त्यांनी ती आकड्याला टांगली, मधल्या दाराच्या बरोबर समोर. पाटावरचे सगळे दिवे तिच्यापुढे फिके पडले. बसलेल्या लोकांच्या तोंडून 'वा' निघालं. दत्तोबा चपला काढून आत आले, डोळ्यांवर हात धरून हसले आणि म्हणाले, "जावईबापू, दिवस मावळू देत न्हाईसा की."

आणि आबा मधल्या दारात आले.

उजेड थेट त्यांच्या तोंडावर होता. ते उंबऱ्याच्या आतच थांबले. एक हात चौकटीला. रांगोळी त्या पांढऱ्या झोतात आबांनाच काय, मलाही दिसेना. दत्तोबांनी हात जोडून रामराम घातला. आबांनी घातला नाही, कारण दत्तोबा कुठल्या बाजूला उभे आहेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांचा पाय पुढे आला, हवेत जरासा फिरला आणि मागे गेला. लोक बघत होते. थोरले दीर आनंदात होते, म्हणाले, या की आबा, बघा तरी उजेड कसा पडलाय. आबा हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

आक्का उठली. सोपा ओलांडून बत्तीपाशी गेली, हात वर केला आणि हवा सोडण्याचा स्क्रू फिरवला. बत्ती सुस्कारत खाली खाली आली आणि शांत झाली.

कुणालाच काही कळेना. ती म्हणाली, आज आवस आहे, पाटावर पुजल्यावाचून नवा दिवा घरात लावत नाहीत. मला तर तिथल्या तिथे तिच्या पाया पडावंसं वाटलं, इतक्या घाईत इतकं सरळ कारण मला आयुष्यात सुचलं नसतं. बसलेल्या लोकांनीही माना हलवल्या. पण थोरले दीर काही कच्चे नव्हते. त्यांनी बत्ती आकड्यावरून काढली, पाटावर दिव्यांच्या ओळीत ठेवली, आणि म्हणाले, घे, लाव हळदकुंकू. पूज आणि मग लावू.

आक्काजवळ दुसरं कारण नव्हतं. तिनं हळदकुंकू लावलं. थोरल्या दिरांनी काडी काढली तशी तिनं बत्तीवर हात ठेवला.

"न्हाय लावायची," ती म्हणाली.

"का?"

तिनं बत्तीवरचा हात काढला नाही.

"का, ते तर सांगशील?"

सांगायला एकच गोष्ट होती आणि ती पाळीच्या लोकांसमोर, व्याह्यांसमोर, दारात उभ्या असलेल्या त्या माणसासमोर सांगायची नव्हती. मी बोलणार होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी जीभ तिथेच राहिली.

थोरल्या दिरांचा इतक्या दिवसांचा राग बाहेर पडला. सासऱ्यासमोर, गावासमोर बायकोनं हातातली काडी थांबवली होती. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"तुज्या बापाच्या घरी हेच शिकवलं व्हय?"

दत्तोबांचं तोंड उतरलं. म्हातारा माणूस, लेकीचं घर बघायला आलेला, खांद्यावरची दोडक्यांची पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. त्यांनी लेकीला काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, बना, धन्याच्या पाया पड, चुकलं म्हण. आक्कानं वडिलांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि वाकायला लागली.

"हिंदुराव, तिला वाकाय लावू नगंस."

आबा दारातूनच बोलले. हात अजून चौकटीलाच होता.

"बत्ती माज्यापायी शांत केली तिनं. मला दिसत न्हाय. सांजंचं तर न्हाईच, दिवसाबी आता धुरकट दिसतं. मी कुणाला बोललो न्हाय, आन हिला तर न्हाईच न्हाय."

मग आबा बोलले ते थोरल्या दिरांशी नव्हतं, स्वतःशीच असल्यासारखं होतं.

"नव्या घरात आल्यापास्नं मला वाटत हुतं, डोळं सुधारलं. पायरी दिसाय लागली, उंबरा दिसाय लागला, मानसांची तोंडं दिसाय लागली. म्हणलं, देवाची किरपा. आज दिवं पाटावर गेलं आन माजं डोळंबी त्येंच्यासंगं पाटावर गेलं. तवा कळलं, मी इतकं दिस कुणाच्या डोळ्यांनी चालत हुतो."

आक्का खाली बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी मात्र मोठ्यानं रडले, मला लपवून रडता येत नाही.

"इवाय," आबा म्हणाले. दत्तोबा नेमके कुठे उभे आहेत ते माहीत नसल्यामुळे त्यांचं तोंड जरा भलतीकडे होतं. "तुमच्या घरी काय शिकवलं म्हणून ह्यो इचारत हुता. हे शिकवलं. आता आमच्या लेकांनी मला खाटंवर बसवायचं आसंल तर बसवावं."

दत्तोबांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच खांबाला धरून बसले. थोरल्या दिरांच्या हातात काडी होती, ती त्यांनी टाकून दिली. मग पाटाशी उकिडवे बसले. पूजा अर्धी राहिली होती, नैवेद्य झाला नव्हता, आणि अशा वेळी दिवा पाटावरून हलवत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी एक चिमणी उचलली.

"ही कुठली?" त्यांनी आक्काला विचारलं.

तिनं मानेनं नाही म्हटलं आणि चुलीकडे बोट केलं. त्यांनी ती ठेवली आणि दुसरी उचलली. तिनं मानेनं हो म्हटलं. थोरले दीर ती चिमणी तळहातानं वाऱ्यापासून झाकत मधल्या दारापाशी गेले, गुडघे टेकून त्या बुटक्या कोनाड्यात ठेवली आणि मागे वळून बघितलं.

"जरा आत," आक्का म्हणाली. "काठाला ठिवली तर डोळ्यांवर येती."

त्यांनी ती आत सरकवली. उजेड उंबऱ्यावर पडला, रांगोळी दिसू लागली, खालची पायरी दिसू लागली. आबांनी चौकटीचा हात सोडला आणि उतरले. थोरल्या दिरांनी वडिलांचा हात धरण्यासाठी आपला हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला, हे मी पाहिलं. मग त्यांनी पाटावरचे दोन कंदील उचलून लोडामागच्या भिंतीला लावले, खिळ्यांवर नीट बसलेत ना ते दोनदा चाचपून पाहिलं.

आबा लोडाला टेकून बसले. गेणू आणि बाकीचे लोक उठून जाण्याच्या बेतात होते, आता इथे आपलं काम नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. थोरले दीर आबांच्या समोर, उजेडात, मांडी घालून बसले.

"आबा," ते म्हणाले, आणि आबांना तोंड नीट दिसावं म्हणून जरा पुढे सरकले. "आबा, ही मानसं खोळंबल्यात. वरच्या चारीला उद्या पाणी कुणाचं?"

उठू लागलेले लोक पुन्हा बसले. आबांनी एकेकाचं तोंड निरखून पाहिलं आणि रावजीचं नाव घेतलं, त्याचा ऊस वाळायला लागला होता.